संगणकगृहाचा राखणदार



गावात वीज सुरळीत चालू असते तोवर लाइनमनचे नाव कोणाच्या ओठी येत नाही. आषाढातील एखाद्या वादळी रात्री तार तुटून गाव अंधारात बुडाले, म्हणजे मात्र जो तो त्याच्याच शोधार्थ निघतो. मोठमोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून याच नशिबाचा एक कर्मचारी असतो. त्यास सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असे म्हणतात. त्याची व आपली भेट क्वचितच होते. परंतु बँकेत पैसे काढावयास गेलेल्या शेतकऱ्यास, अथवा एक-चौदाचा उतारा घेण्यास आलेल्या ग्रामस्थास, ‘आज सर्व्हर डाऊन आहे’ हे चार शब्द ऐकून परत फिरावे लागते, तेव्हा भिंतीपलीकडे असाच कोणीतरी एक माणूस घाम पुसत बसलेला असतो.

पुष्कळांचा असा समज असतो की, संगणकावर काम करणारा प्रत्येकजण प्रोग्रॅम लिहितो. वस्तुतः प्रोग्रॅम लिहिणारा निराळा आणि तो अहोरात्र चालता ठेवणारा निराळा. नवा कर्मचारी रुजू झाला की त्याचे खाते उघडावयाचे, नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावयाचे, डिस्क भरत आली काय हे पाहावयाचे, परवलीचा शब्द विसरलेल्या साहेबांची समजूत घालावयाची आणि रात्री सर्व माहितीची राखीव प्रत तयार झाली ना, याची खातरजमा करावयाची, असा त्याचा दिनक्रम. मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या प्रणालीतील दोषांवरील दुरुस्त्या प्रसृत करीत आली आहे. अमेरिकेतील ती सकाळ म्हणजे आपल्याकडील रात्र. दुरुस्ती ताबडतोब बसवावी तर चालू काम बंद पडण्याचे भय, आणि न बसवावी तर चोरट्यास दार उघडे. या दोहोंतून वाट काढणे ही या पेशातील नित्याची परीक्षा होय.

याच्या हाती अधिकारही मोठा असतो. युनिक्स जातीच्या प्रणालीत ‘रूट’ नावाचे एक खाते असते. त्यास कोणतीही फाइल उघडता येते आणि कोणतीही पुसताही येते. व्यवस्थापकीय संचालकांचा पत्रव्यवहार, कर्मचाऱ्यांचे पगार, कोणाच्या आजारपणाचे कागद, सारे त्याच्या आवाक्यात असते. गावचा पोस्टमास्तर सर्वांची पत्रे हाताळतो, पण फोडीत नाही. तोच निर्बंध येथे माणसाने स्वतःवर घालून घ्यावयाचा असतो. परीक्षेच्या गुणांवरून तो कळत नाही, आणि म्हणूनच नेमणूक करणाऱ्यांनी उमेदवाराच्या प्रमाणपत्रांइतकेच त्याच्या स्वभावाकडे पाहावे हे बरे.

या कामाचे मोल जगाला कळले ते २७ जून २०१७ रोजी. युक्रेनमध्ये हिशेब व कर यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या दुरुस्तीतून एक विध्वंसक प्रोग्रॅम पसरविण्यात आला. पुढे तो नॉटपेट्या या नावाने ओळखला जाऊ लागला. डेन्मार्कमधील मर्स्क ही जगातील अग्रगण्य सागरी वाहतूक कंपनी; तिच्या ओडेसा येथील कार्यालयात तो हिशेबाचा प्रोग्रॅम होता. तेवढी फट पुरली. ज्या दोषाचा लाभ या प्रोग्रॅमने घेतला, त्यावरील दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. तथापि दुरुस्ती केलेली यंत्रेही वाचली नाहीत; कारण एका यंत्रातील परवलीचे शब्द चोरून त्यांच्या आधारे तो शेजारच्या यंत्रात शिरत होता. कोपनहेगनच्या कार्यालयातील पडदे एकामागून एक काळे पडत गेले. झळ आपल्या दारापर्यंत पोचली. उरणनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्याच समूहाचे टर्मिनल विस्कळीत झाले.

कोणता कर्मचारी कोणत्या यंत्रावर काय करू शकतो, याची नोंद ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरांस डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्कपाशी असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांच्या नोंदी सतत जुळवून घेत असत. एक बिघडला तर दुसऱ्यावरून तो उभा करता येईल, असा हिशेब होता. सर्वच एकाच वेळी नष्ट झाले तर काय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शोधाशोध करता करता पश्चिम आफ्रिकेतील घाना देशातल्या कार्यालयात एक सर्व्हर शाबूत सापडला. त्याला वाचविले ते कोणा तज्ज्ञाने नव्हे. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेल्याने तो जगापासून तुटला होता, म्हणून वाचला! आपल्याकडे वीज गेली की आपण मंडळास बोल लावतो; एकदा तरी तिच्या जाण्याने एवढ्या मोठ्या कंपनीची अब्रू राखली, याची नोंद असू द्यावी.

पण संकट तेवढ्याने सरले नाही. घानाहून ती माहिती तारेवरून पाठवावी तर मार्ग अरुंद, किती दिवस लागतील याचा नेम नाही. तेथील कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एकजण नायजेरियापर्यंत गेला, विमानतळावर त्याने ती हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो दुसरा ती घेऊन लंडनला पोचला. पुढील दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० प्रोग्रॅम नव्याने बसविण्यात आले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये डाव्होस येथे सांगितले. या अवधीत मालाची वाहतूक केवळ वीस टक्क्यांनी घटली. उरलेली कामे माणसांनी कागद, पेन्सिल आणि दूरध्वनी यांवर निभावली. गोमंतकात गावाच्या वेशीवर रात्री राखणदार फिरतो, अशी श्रद्धा आहे. त्यास वर्षातून एकदा रोट तरी मिळतो. या दहा दिवसांत ज्यांनी कार्यालयातच पथाऱ्या पसरल्या, त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

दुसरे उदाहरण शत्रूचे नव्हे, स्वतःच्याच हाताचे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एक अभियंता रात्री उशिरापर्यंत बिघाड दुरुस्त करीत होता. दोन सर्व्हरांपैकी चुकीच्या सर्व्हरवर त्याने पुसण्याची आज्ञा दिली. ध्यानात येऊन हात आवरेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. राखीव प्रतींचे अनेक मार्ग कागदावर होते. वेळ आली तेव्हा ते निकामी ठरले. रोजची प्रत घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असल्याने कित्येक दिवस अपयशी होत होता, आणि त्याविषयीचे इशारे टपालातच नाकारले जात होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली. येथे कंपनीचे वर्तन उल्लेखनीय होते. तिने सारा वृत्तांत जाहीर केला, दुरुस्तीचे काम लोकांना थेट पाहू दिले, आणि अहवालात त्या अभियंत्याचा उल्लेख केवळ ‘पहिला सदस्य’ अशा अर्थाने केला. एका माणसाच्या चुकीने सर्वस्व जाऊ शकते, ही चूक त्या माणसाची की व्यवस्थेची, याचा विचार आपल्या कार्यालयांतूनही होणे अगत्याचे आहे.

आपल्या देशात भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजे सर्ट-इन, या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे आणि यंत्रांवरील नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. ही जबाबदारी व्यवहारात याच कर्मचाऱ्याच्या शिरावर येते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस या मार्गाची माहिती देताना पगाराबरोबर रात्रीची जाग्रणेही सांगावीत.

शुक्रवार, १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर गेली. त्या फाइलमुळे प्रोग्रॅम एकविसावा रकाना वाचू पाहत होता. त्यास पुरविलेले रकाने वीसच होते. ७८ मिनिटांत ती मागे घेण्यात आली, तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळे पडून थांबले होते. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. बंद पडलेले यंत्र दूरवरून दुरुस्त होईना. पुष्कळ ठिकाणी प्रत्येकापाशी जाऊन, ४८ अंकी किल्ली टंकून ती फाइल काढावी लागली. काही कार्यालयांत त्या किल्ल्यांची यादीच बंद सर्व्हरवर होती.

जुलै महिन्याचा अखेरचा शुक्रवार हा २००० सालापासून सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांच्या कृतज्ञतेचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या वर्षी तो नेमका आठवड्याने, २६ तारखेस आला. आदल्या दिवसापर्यंत ९७ टक्के यंत्रे पूर्ववत झाल्याचे क्राउडस्ट्राइकने जाहीर केले होते. उरलेल्यांवर काम चालू होते.