किनाऱ्यावरची इटालियन मोटारसायकल
(नभोवाणीवरील भाषण)



दुचाकी वाहनांच्या बाबतीत इटलीचा आणि आपल्या महाराष्ट्राचा संबंध बराच जुना आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातच मुंबईत लॅम्ब्रेटा जुळवल्या जाऊ लागल्या; पुढे १९६० च्या दशकात बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनविल्या; आणि ज्या पियाजिओने २००४ साली ॲप्रिलिया ही कंपनी आपल्या अधिकारात घेतली, तिच्याच बारामतीच्या कारखान्यात आज ॲप्रिलियाची आर. एस. ४५७ ही वेगवान मोटारसायकल तयार होते. डिसेंबर २०२३ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा तिची किंमत ४ लाख १० हजार रुपये होती. आता अशा गाड्या दुसऱ्या हाती जाऊ लागल्या असल्यामुळे मालवण, कुडाळ, कणकवलीकडील तरुणांनाही त्या घेण्याची उमेद वाटू लागली आहे. त्या उमेदीला विचाराची जोड मिळावी, एवढ्याच हेतूने मी आज बोलत आहे.

प्रथम दस्तऐवज पाहावेत. नोंदणीपुस्तकातील एंजिनाचा आणि चेसिसचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याचा दाखला हाती आल्यावाचून बयाणा देऊ नये. गाडी शेजारच्या गोव्यातील असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचा नाहरकत दाखला, आपल्या राज्याचा कर आणि आपल्या जिल्ह्याच्या एम. एच. ०७ क्रमांकाची नवी नोंदणी यांचा खर्च किमतीत धरूनच व्यवहार ठरवावा.

मग यंत्राकडे वळावे. दोन सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे ४५७ घनसेंटीमीटरचे एंजिन, सुमारे ४७ अश्वशक्ती, ॲल्युमिनियमची चौकट आणि १७५ किलो वजन अशी ही रचना आहे. किलोमीटरचा आकडा पाहून भुलण्यापेक्षा, फेअरिंगच्या आत दडलेले जोडणीचे तुटके कान, हँडल पूर्ण वळल्यावर जेथे अडते तेथील ठोकरीच्या खुणा, आणि टायरवर चार अंकांत छापलेला निर्मितीचा आठवडा व वर्ष हे ज्याने शोधून पाहिले, त्याला त्या गाडीचे पूर्वायुष्य विक्रेत्याच्या कैफियतीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे कळते.

तथापि आपल्या किनाऱ्यावर खरी कसोटी खरेदीनंतर लागते. देवबाग-तारकर्लीची खारी हवा, जांभ्याची लाल धूळ आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांच्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद जेथे एकमेकांस भिडतात तेथे क्षाराच्या ओलाव्याने विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट आट्यांतच जखडून बसतो. हौसेने चकचकीत स्टेनलेस पोलादाचे बोल्ट बसविणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे की, ते स्वतः गंजले नाहीत तरी ग्रीसवाचून बसविल्यास शेजारच्या ॲल्युमिनियमचा क्षय थांबत नाही. पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढून तिची डागडुजी करणारा आपला गाबीत मच्छीमार बांधव ज्या निष्ठेने वागतो, त्याच निष्ठेने गोड्या पाण्याने गाडी धुणे, ती कोरडी करणे, चेनला तेल देणे आणि विजेच्या जोडण्यांना योग्य ग्रीस लावणे हे येथील मालकाचे नित्यकर्म झाले पाहिजे.

गाडीत करावयाचे फेरफारही याच दृष्टीने ठरवावेत. पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचा ताण स्वाराच्या वजनाप्रमाणे जुळविणे, ब्रेक-क्लचचे दांडे हाताच्या मापाचे करणे, आणि आंबोलीच्या ओल्या वळणांवर पाणी बाहेर फेकणारे, मूळ मापाचेच टायर निवडणे यांत खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे. याउलट, कर्णकर्कश सायलेन्सरने इंधन आणि हवेचे कारखान्यात साधलेले प्रमाण बिघडू शकते, गावाची झोपमोड होते आणि कायद्याचाही भंग होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हाच दंडक दृढ केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंडाची अथवा सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद झाली.

माझे सांगणे इतकेच आहे की, जुने वाहन घेणारा मनुष्य त्याचा पहिला धनी नसतो आणि बहुधा शेवटचाही नसतो. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा, केलेल्या प्रत्येक कामाची पावती दप्तरी लावावी, आणि आपल्यानंतर येणाऱ्याला ती गाडी निःशंक मनाने घेता येईल अशा स्थितीत तिचा सांभाळ करावा. गाडीवर आपली मुद्रा उमटविण्याची हौस अवश्य पुरवावी; परंतु ती मुद्रा गाडीच्या आरोग्यात दिसावी, हीच माझी प्रत्येक तरुण मित्रास आग्रहाची विनंती आहे.