पंक्चर आपलं आपण काढावं

भाषणं कधी संपतात याची वाट बघत सतरंजीवर बसलेल्या माझ्या दोस्तांनो,

मुख्याध्यापक सर फोनवर म्हणाले, ‘अपघातानंतर तुम्ही पुन्हा लांब पल्ल्याची सायकल कशी चालवायला लागलात ते सांगा, मुलांना प्रेरणा मिळेल.’ मी हो म्हणालो, चार मुद्देही लिहून आणले. पण आज चोरखमाऱ्याच्या रस्त्यानं, नागझिऱ्याच्या जंगलाजवळून येताना दोन्ही बाजूंची झाडं बघत बसलो आणि मुद्दे राहिले खिशात.

आमच्या वेळी नागझिरा नुसतं अभयारण्य होतं, 1970 पासूनचं. व्याघ्र प्रकल्प 2013 चा. आम्हाला वाघाचं एवढं भय नव्हतं. भय अस्वलाचं. मोहाच्या दिवसांत आई पहाटे फुलं वेचायला निघायची आणि अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली यायचं. मी पुढं सायकल ढकलत, घंटी वाजवत चालायचो. आधी चाहूल लागली तर अस्वल बाजूला होतं. अचानक गाठ पडली तरच अंगावर येतं. घंटीचा हा उपयोग कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत नाही.

ती सायकल मला दुरुस्त करता यायची, ते या शाळेमुळं. कार्यानुभवाच्या तासाला इतर शाळांत कागदाची फुलं व्हायची. आमच्या सरांनी एक दिवस स्वतःची सायकल वर्गात आणली, सीट-हँडलवर उलटी उभी केली, टायर सोडवला, ट्यूब बादलीतल्या पाण्यात दाबली आणि म्हणाले, ‘बुडबुडा शोधा.’ मग पॉलिश पेपरनं घासणं, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबणं, पॅच दाबणं. थांबणं आम्हाला जमायचं नाही. ओल्यावरच पॅच लावला की सर तो ओढून काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. सर आज नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, पहिल्या रांगेत बसल्यात. बाई, तुमच्या घरच्या किती बादल्या आम्ही चिकट करून परत दिल्या, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत!

तर अपघात. संध्याकाळची वेळ, महामार्ग, मागून ट्रक. डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्या दिवसाबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. त्यानंतरचं सांगतो. घरी आल्यावर सगळे इतके प्रेमानं वागायला लागले की मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देईनात. सायकल माळ्यावर गेली. मी विचारलं तर म्हणायचे, ‘काहून जीव धोक्यात घालतं रे बाप्पा?’ प्रेमळ माणसांच्या हातून आपली कामं परत मिळवणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं.

माझा पहिला कृत्रिम पाय जयपूर फूट होता. 1968 च्या सुमाराला तो तयार केला डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी. शर्मा हे कारागीर, शिक्षण फारसं नाही. असं सांगतात की एकदा त्यांच्या सायकलचं पंक्चर झालं, दुकानात थांबले, तर तिथं एक जण ट्रकच्या टायरवर रबर चढवत होता. शर्मांनी ते निरखून बघितलं आणि मनात आलं, पाऊल असं रबराचं का करू नये? आता बघा, मी ज्या पायावर उभा राहिलो तो एका पंक्चरमधून निघालेला! सरांना हे सांगायला हवं होतं.

सायकल चालते कशी, हे सांगायचं कबूल केलंय. नकली पायाचा घोटा आपणहून वळत नाही, म्हणून पोटरीचं काम मांडीनं करायचं. बुटाखालची, पेडलला अडकणारी क्लीट टाचेकडं सरकवायची, त्या बाजूची क्रँक आखूड घ्यायची. दिवस चढतो तसा उरलेला पाय थोडा बारीक होतो, सॉकेट ढिलं पडतं, मग रस्त्याच्या कडेला बसून आणखी एक मोजा... हं, तिसऱ्या ओळीत जांभया सुरू झाल्या. राहू द्या.

मी बीआरएमला जातो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांना. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस, 600 चाळीस. पहिला-दुसरा नंबर नसतो. तुमच्यामागं मदतीची गाडी फिरत नाही. काही बिघडलं तर आपलं आपण. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली. अचाट काम. पण तिथं मागं गाडी आणि सोबत अख्खी टीम लागतेच. मला आपला हा गरिबाघरचा नियम आवडतो. अपघातानंतरच्या पहिल्या 200 ला अंधारात माझं मागचं चाक बसलं. एक तरुण थांबला, माझ्या पायाकडं बघितलं आणि म्हणाला, ‘काका, तुम्ही बसा, मी काढतो.’ मी त्याला टॉर्च धरायला लावला.

असेच आपलं आपण करणारे सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर तुम्हाला ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमामुळं माहीत असतील. लष्करातले बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं. बॉक्सिंग संपलं, तर त्यांनी पोहणं धरलं. 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, म्हणजे देशाला आठवायला शेहेचाळीस वर्षं लागली. डॉक्टर गोळी काढतील, टाके घालतील. पण पाण्यात हात मारायचे ते पेटकरांनाच. माझा गुडघा रोज वाकवायचा तो मलाच. म्हणून म्हणतो, पंक्चर आपलं आपण काढा. हात काळे होऊ द्या.

मुलींनो, सरकारच्या ‘मानव विकास’ योजनेतल्या सायकली तुम्हाला मिळाल्या, फार चांगलं झालं. पण चेन उतरली की भाऊ येईपर्यंत सायकल अंगणात पडून आणि शाळा बुडालेली, असं बाई मघाशी सांगत होत्या. सायकलचा पान्हा आणि पॅचची डबी दप्तरात ठेवा. आणि भावांनो, तुम्ही शहाणपणा करून हातातून पान्हा ओढून घेऊ नका. पुढच्या खुर्चीवरचे काका, तुम्ही हसताय, पण तुमचा नातू सोळाव्या वर्षी मोटारसायकल दामटतो आणि त्याला प्लग कुठं असतो हे माहीत नाही, हे मी सकाळी बघितलंय. अठरा पूर्ण होईपर्यंत त्याची चावी तुमच्या खिशात राहू द्या.

मुख्याध्यापक सर दुसऱ्यांदा घड्याळ बघताहेत. नाचवाली मुलं मेकअप करून ताटकळलीत, तेव्हा बक्षिसं वाटून घेऊ. फाटकाजवळच्या निळ्या सायकलचं मागचं चाक बसलंय. ज्या कोणाची असेल, तिनं कार्यक्रम संपल्यावर घरी ढकलत न्यायची नाही. बादली बाई देतील, पंप माझ्याजवळ आहे.