वसतिशाळेंतील पहिलें वर्ष व अभ्यासाचा भार

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



मूल प्रथमच वसतिशाळेंत निघालें म्हणजे कपडे, पांघरूण, वह्या यांची यादी शाळेकडून येते. परंतु पहिल्या वर्षीं कोणते विषय घ्यावे व किती खोलवर घ्यावे, हें मात्र घरीं बसूनच ठरवावें लागतें. पेटी भरण्यांत आपण चार दिवस घालवितों आणि विषयांचा निर्णय चार मिनिटांत उरकतों. म्हणून आज याच गोष्टीविषयीं बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा दोन वर्षांचा पदविका-अभ्यासक्रम घेऊं. ही संस्था १९६८ सालीं जिनीव्हा येथें स्थापन झाली. आपल्या पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्यांत १९९७ सालीं निघालेल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजांत मुलें तेथेंच राहून हा अभ्यासक्रम शिकतात. यांत विषय सहा. त्यांपैकीं तीन, फार तर चार, उच्च स्तरावर व उरलेले सामान्य स्तरावर घ्यावयाचे. उच्च विषयास २४० व सामान्य विषयास १५० तास अध्यापन नेमलेलें आहे. शिवाय ४,००० शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध, ज्ञानमीमांसेचा वर्ग आणि सर्जन, क्रीडा व सेवा यांचा उपक्रम हीं तिन्ही अंगें सर्वांस आवश्यक आहेत.

आतां हिशेब पाहूं. तीन उच्च विषय घेतल्यास दोन वर्षांत वर्गाचे ११७० तास होतात. चार घेतल्यास १२६०. हे वाढीव ९० तास केवळ वर्गांतले. खोलींत बसून करावयाचा अभ्यास निराळाच. या श्रमाचें फळ काय? विषय उच्च असो वा सामान्य, प्रत्येकास अधिकांत अधिक ७ च गुण. सहा विषयांचे ४२ व निबंध-ज्ञानमीमांसेचे ३ मिळून एकूण ४५. उच्च विषयांत मिळून किमान १२ गुण हवे, या अटीसाठीं चार विषयांपैकीं उत्तम तीनच धरतात. म्हणजे चौथा उच्च विषय घेतला म्हणून तराजूंत एक गुंजही अधिक पडत नाहीं. मुलाची त्या विषयावर खरी प्रीति असेल, किंवा पुढील विद्यापीठाची तशी अटच असेल, तर तो अवश्य घ्यावा. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यास गणित व पदार्थविज्ञान उच्च स्तरावर असण्याची अट पुष्कळ ठिकाणीं असते. मात्र शेजाऱ्याच्या मुलानें घेतला, एवढ्यासाठीं घेऊं नये.

दुसरा हिशेब आठवड्याचा. आठवड्याचे तास १६८. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या अकादमीनें २०१६ सालीं सांगितलें आहे. नऊ तास धरले तर ६३ गेले. जेवणखाण, स्नान, कपडे धुणें, हजेरी यांस रोज चार तास धरा, २८ गेले. वर्गाचे समजा ३०, आणि खेळ व सेवा यांचे १०. उरले ३७. सहा विषयांत वांटले तर विषयास जेमतेम सहा तास येतात. आणि त्यांत निबंधाचें वाचन, आजारपण व रविवारची विश्रांति अद्याप धरलेलीच नाहीं! हा हिशेब मुलाबरोबर बसून एकदां कागदावर मांडा.

भाषांच्या बाबतींतही विवेक हवा. दुसरी भाषा अगदीं मुळापासून शिकण्याची सोय सामान्य स्तरावर आहे. नव्या मुलुखांत तिचा मोठा आधार होतो. तसेंच, ज्या स्वभाषेचा शिक्षक शाळेंत नाहीं, तिच्या साहित्याचा अभ्यास शाळेच्या देखरेखीखालीं स्वतः करण्याची मुभा सामान्य स्तरावर असते. मराठी मुलानें प्रवेशाच्या वेळींच याची विचारणा करावी.

आमचे शेतकरी बंधु जाणतात कीं, नव्या बैलास पहिल्याच दिवशीं भरल्या गाडीला जुंपीत नाहींत. पहिल्या सत्रांत मुलास अन्न नवें, भाषा नवी, खोलींतला सोबती नवा. उच्च स्तरावरून सामान्य स्तरावर उतरणें आरंभींच्या आठवड्यांत सोपें असतें. उलट खालून वर चढणाऱ्यास बुडालेले तास भरून काढावे लागतात. तेव्हां बदल करण्याची अखेरची तारीख कोणती, हें शाळेस आधींच विचारून ठेवावें.

शेवटीं, पालकहो, एक गोष्ट मनापासून सांगतों. घरीं रात्रीं उशिरापर्यंत दिवा दिसला तर आई उठून येते व पुस्तक मिटावयास लावते. वसतिगृहांत मुलाचा थकलेला चेहरा पाहणारें तें माणूस नसतें. आपल्यासाठीं घरच्यांनीं पदरमोड केली आहे, ही जाणीव मुलास असते. म्हणून भार असह्य झाला तरी फोनवर तें “बरें आहे” एवढेंच म्हणतें. यास्तव निरोप देण्यापूर्वींच त्यास स्वच्छ सांगा : एखादा विषय हलका केलास, तर आम्हांस त्याची लाज वाटणार नाहीं, परंतु तूं एकट्यानें सोसलेंस, तर दुःख होईल. हें वाक्य तुमच्या मुखांतून त्यानें आधीं ऐकलेलें असेल, तरच अडचणीच्या दिवशीं त्यास तोंड उघडण्याचा धीर येईल.

आपल्या धर्मग्रामांतून यंदां बाहेर पडणाऱ्या सर्व मुलांमुलींस आमचे आशीर्वाद.