क्षमा आणि दाराची कडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



क्षमेवर चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले, ते मी ख्रिस्ती आहे म्हणूनच असावे. दुसरा गाल पुढे करण्याची आणि सत्तर वेळा सात क्षमा करण्याची शिकवण आम्हांला लहानपणापासून मिळते. ती मी मनापासून मानते. पण हीच शिकवण पुढे करून, मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला, "सोस बाई, प्रभूनेही सोसले," असे सांगून परत धाडलेले मी पाहिले आहे. म्हणून सांगते, क्षमा करणे वेगळे आणि छळणाऱ्याच्या हाती पुन्हा सापडणे वेगळे.

शौल राजाने दावीदावर भाला फेकला, तेव्हा दावीद तेथून पळाला. पुढे एन-गेदीच्या गुहेत शौल त्याच्या हाती आयता सापडला. दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, जीव घेतला नाही. शौल रडला, आपली चूक त्याने कबूल केली आणि तो घरी गेला. दावीद मात्र त्याच्याबरोबर गेला नाही. तो आपल्या गडाकडे परतला. त्याने सूड सोडला, सावधपणा सोडला नाही. आणि पुढे शौल पुन्हा त्याच्या पाठीस लागलाच!

प्रभू येशूचेही तेच. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली, तेव्हा का मारलेस म्हणून त्याने विचारले. वधस्तंभ त्याने स्वतः होऊन पत्करला. तो दुसरीच्या गळ्यात घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

सत्तर वेळा सात क्षमेची गोष्ट मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात, तिच्या थोडे आधी, अपराध करणाऱ्याशी कसे वागावे तेही सांगितले आहे. आधी एकांतात समजूत घालावी, मग एकदोघे साक्षीदार न्यावेत, मग मंडळीला सांगावे. तरी न ऐकल्यास त्याला परका समजावे. अर्थात, जिवाला धोका असेल तेथे एकटीने समजूत घालायला जाऊ नये.

माझ्या ओळखीच्या एका बाईंचा भाऊ पिऊन यायचा, शिवीगाळ करायचा आणि पैसे उकळायचा. त्यांनी त्याला शुद्धीवर असताना सांगितले, "पिऊन आलास तर कडी काढणार नाही. रोख पैसे देणार नाही. रविवारी नीट ये, पोटभर जेव." पहिल्या महिन्यात त्याने दार बडवले, नातेवाइकांनी बाईंना नावे ठेवली. बाई रोज त्याच्यासाठी प्रार्थना करीत आणि कडी लावीत. आता तो कधी कधी रविवारी येतो. तो सुधारला असे मी म्हणणार नाही. पण त्या घरातली मुले रात्री शांत झोपतात.

कायदाही आपल्या पाठीशी आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो आणि राहत्या घरातून बाईला हुसकता येत नाही. १८६९ च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात पत्नीला नुसत्या क्रूरतेचे कारण पुरत नसे. २००१ च्या दुरुस्तीने ते स्वतंत्र कारण झाले. अडचणीच्या वेळी १८१ हा महिलांचा दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवा.

भगिनींनो, क्षमा आपल्या एकटीच्या मनात होऊ शकते. समेटाला दोघे लागतात, आणि दुसऱ्याचा पश्चात्ताप वागण्यात दिसावा लागतो. तो दिसेपर्यंत दाराला कडी असू द्यावी. आणि शेजारणीने आपले दार ठोठावले, तर तिला उपदेश करण्याआधी आत घ्यावे, पाणी द्यावे आणि तिचे ऐकावे. आपल्या मंडळाच्या हातून एवढे घडो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.