आजारी लेकराच्या उशाशी कोण आहे?

(तळेरे येथे सहाय्यकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या देणग्यांमुळे पाड्यांवरची आजारी लेकरे दवाखान्यापर्यंत पोचतात. गाडीभाड्याची, औषधांची, आईच्या जेवणाची सोय होते. त्याबद्दल मनापासून आभार. आज मात्र त्याच्या पुढचे बोलायचे आहे. मूल रुग्णालयात दाखल झाले की ते सुरक्षित झाले, असे आपण धरून चालतो. तसे नेहमीच होत नाही.

9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या विशेष कक्षाला आग लागली. आत 17 बाळे होती. 7 वाचली, 10 दगावली. आगीपासून बचावाच्या यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीवाचून पडून होता, हे नंतर उघड झाले. त्याच महिन्याच्या 31 तारखेला यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात 12 मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. ती मुले उपचाराने बरी झाली.

या दोन्ही ठिकाणी कोणी लेकरांच्या जिवावर उठले नव्हते. करायची पाहणी राहून गेली. घाटंजीत बाटलीवरचे नाव एकदा मोठ्याने वाचले असते, तरी पुरले असते.

मोठ्या माणसांपेक्षा मुलांना हा धोका जास्त असतो, कारण मुलाचे औषध वजनावर ठरते. साधे तापाचे पॅरासिटामॉल घ्या. 10 किलोच्या मुलाला एका वेळी साधारण 150 मिलिग्रॅम लागते. एका प्रकारच्या पातळ औषधात 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम असते, दुसऱ्यात 250. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम. म्हणजे पहिल्या बाटलीचे 6 मिलिलिटर बरोबर आहेत. पण तेवढेच थेंबांच्या बाटलीतून दिले, तर चौपट औषध पोटात जाते. वजन अंदाजाने लिहिले किंवा टिंब चुकले, तरी तेच होते.

आता आपल्या भागाचे पाहा. तळेऱ्याहून मूल कणकवलीला जाते, तिथून ओरोसला, आणि फार आजारी असेल तर बांबोळीला किंवा कोल्हापूरला. प्रत्येक ठिकाणी नवे डॉक्टर, नवी नर्स, नवा केसपेपर. आधी कोणते औषध किती वाजता दिले, हे पुढच्या माणसाला सांगायचे कोणी? आईने. ती कातकरी वाडीतली, लिहितावाचता न येणारी, दोन रात्री न झोपलेली. साहेबांना विचारले तर ते रागावतील, या भीतीने ती गप्प राहते. नर्सही वाईट नसते. तिच्या हाताखाली एका वेळी कितीतरी मुले असतात.

पण आईला जवळ घेतले तर काय होते, हे मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात दिसले. तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी जंतुसंसर्गाने दगावणारी नवजात बाळे पाहून दुधाच्या बाटल्या बंद केल्या, आईच्या दुधावर भर दिला आणि बाळांच्या देखभालीत आयांना सामील करून घेतले. संसर्ग कमी झाला. 1989 साली तिथेच आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. यंत्र जुनेच होते, आई मात्र कक्षाच्या बाहेरून आत आली होती.

आईचे ऐकले नाही, तर श्रीमंत देशातही मूल जाते. 2021 साली लंडनमध्ये मार्था मिल्स ही 13 वर्षांची मुलगी रक्तातील जंतुसंसर्गाने वारली. तिची तब्येत बिघडते आहे, हे आईवडील सांगत होते. तिच्या पालकांच्या प्रयत्नांनी 2024 पासून इंग्लंडमधील रुग्णालयांत एक नियम लागू होऊ लागला. आपल्या माणसाची प्रकृती ढासळते आहे असे वाटले, तर घरच्यांना दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला बोलावता येते. या नियमाला मार्थाचेच नाव दिले आहे.

आपल्याकडे असा नियम होईल तेव्हा होईल. तोवर त्या आईच्या शेजारी एक बोलणारे माणूस बसवणे आपल्या हातात आहे. त्याला डॉक्टरकी येण्याची गरज नाही. त्याने एवढेच करायचे:

मुलाचे वजन आजच काट्यावर केले आहे ना, आणि ते केसपेपरवर लिहिले आहे ना, ते पाहायचे. मनगटावरच्या पट्टीवर मुलाचे नाव बरोबर आहे का, ते वाचायचे. औषध देताना नम्रपणे विचारायचे, “सिस्टर, हे कोणते औषध आणि किती?” उत्तर वहीत वेळेसह लिहायचे आणि दुसऱ्या रुग्णालयात जाताना ती वही बरोबर न्यायची. मुलाला हात लावण्याआधी स्वतःचे हात धुवायचे, आणि इतरांना हसून आठवण करायची. रात्री आग लागली तर बाहेर कुठून पडायचे, ते दिवसाच पाहून ठेवायचे. आणि आई म्हणाली, “माझे लेकरू आज वेगळे दिसते,” तर डॉक्टर येऊन पाहीपर्यंत ते पुन्हापुन्हा सांगायचे.

कुणाची चूक शोधण्यासाठी आपण तिथे बसायचे नाही. चांगली नर्स अशा प्रश्नाने रागावत नाही. तिलाही दुसरी नजर हवीच असते.

17 सप्टेंबर हा जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. 2025 साली तो नवजात बाळे आणि मुले यांच्यासाठी होता. आपण तो एका दिवसापुरता ठेवू नये. तुम्ही प्रार्थना करता, देणगी देता. ते चालू राहू द्या. त्यात वर्षातून दोन रात्रींची भर घाला. ज्यांना कणकवलीत किंवा ओरोसला एखाद्या आईच्या सोबतीला थांबता येईल, त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे द्यावीत. वही आणि पेन आम्ही देऊ.