आमचूर ते एम.ए.

उन्हाळ्यात धडगाव परिसरात सातपुड्याच्या पाड्यांवर कैऱ्या सोलून, चिरून उन्हात वाळवतात. फोडी पांढऱ्याशुभ्र राहिल्या तर भाव चढा, काळवंडल्या तर पडेल. आता हाच पदव्युत्तर अभ्यासाचा विषय समजा. सौर वाळवणयंत्र स्वस्तात कसं बनवायचं? कैऱ्या पडेल भावात व्यापाऱ्याला देण्याऐवजी बचतगटाने पूड करून विकली तर हिशेब कसा बसेल?

असे प्रश्न सोडवायला शिकवणारे वर्ग आपल्या राज्यात आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक उद्योजकतेचं एम.ए. 2007 मध्ये सुरू झालं. आयआयटी मुंबईत उद्योजकतेसाठी देसाई सेठी स्कूल आहे. जवळचं म्हणाल तर जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. नवकल्पनांना पाठबळ देणारं केंद्र तिथेही आहे.

नुसत्या पदवीने धंदा उभा राहत नाही, हे खरंच. पण नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कागदपत्रं नीट मांडणारं कुणीतरी लागलंच ना! पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींनो, प्रवेशाची माहिती संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळांवर आत्ताच पाहून ठेवा. शिष्यवृत्तीसाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा.