घरपट्टीची वही उघडा

(गांवच्या शेतकरी व कारागीर मंडळीपुढें केलेलें भाषण)



घरपट्टी वाढली म्हणून गांवांत गलका झाला आहे. पारावर, पाणवठ्यावर, गिरणीपाशीं तिखट बोलणें चाललें आहे. परंतु आम्ही ज्याला ज्याला विचारलें कीं, "बाबा, तुझ्या घराची आकारणी किती मीटरांवर झाली?" त्यानें त्यानें मान हलविली. रागाचें पीक अमाप, आणि आंकड्याचा मात्र दुष्काळ! असल्या रागाला कचेरींतला शिपाईहि भीत नाहीं.

मोजणी चुकली कीं घर कसें बुडतें, हें आपल्या पणजा-खापरपणजांनीं भोगलेलें आहे. पुणें जिल्ह्यांत 1830 च्या सुमारास प्रिंगल नांवाच्या इंग्रज अंमलदारानें जमिनीचा सारा ठरविला. गृहस्थ मोठा विद्वान, परंतु त्याच्या हाताखालच्या मंडळीनें केलेल्या मोजण्या आणि पिकाचे अंदाज खोटे निघाले. सारा झेपेना म्हणून इंदापुराकडचे शेतकरी जमिनी टाकून परागंदा झाले. शेवटीं 1836 सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांना तेथें नवी आकारणी करून सारा खालीं आणावा लागला.

त्या काळीं दप्तर कुळकर्ण्याच्या घरीं, अक्षर त्याचें आणि अंगठा आपला. जोतीरावांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच अवस्थेवर. पुढें कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं 1918 सालीं कुळकर्णी वतनें काढून पगारी तलाठी नेमले. आज तर घरपट्टीची वही आपल्याच पंचायतींत आहे, सरपंच आपलाच भाऊबंद, आणि पोरेंबाळें शिकलेलीं. तरी वहीला हात कोणी लावीत नाहीं! मग जोतीरावांच्या तसबिरीला हार घालतांना थोडी लाज वाटावयास नको काय?

कोणी म्हणतील, बार्डोलीसारखा करबंदीचा सत्याग्रह करूं. करा, पण बार्डोली नीट वाचून करा. सुरत जिल्ह्यांतल्या त्या तालुक्याचा सारा अंमलदारांनीं आधीं शेंकडा 30, मग 29 वाढवावा म्हटलें, आणि सरकारनें 22 टक्के वाढ कायम केली. 1928 च्या फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत वल्लभभाई पटेलांच्या मागें उभें राहून शेतकऱ्यांनीं सारा अडविला. जमिनी जप्त झाल्या, म्हशी ओढून नेल्या. त्यांचें मागणें काय होतें? निःपक्षपाती चौकशी करा, म्हणजे हिशेब दाखवा! पुढें ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांनीं गांवोगांव फिरून चौकशी केली, तेव्हां 1929 सालीं असें दिसलें कीं, ज्या खंडाच्या आंकड्यांवर सारी वाढ उभी होती, तेच आंकडे कच्चे. वाजवी वाढ सहा टक्क्यांच्या आसपास ठरली. बार्डोलीकरांना सत्याग्रहावांचून दुसरी वाट नव्हती, कारण 1876 च्या कायद्यानें साऱ्याच्या आकारणीविरुद्ध दिवाणी कोर्टाचें दार बंद केलेलें होतें. आपल्याला दार आहे. आपण तें ठोठावलेलेंच नाहीं.

आतां घरपट्टीची गोम सांगतों. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या 124 व्या कलमानें पंचायत घरावर कर बसविते, आणि 2015 च्या अखेरीस बदललेल्या नियमांप्रमाणें तो घराच्या भांडवली मूल्यावर बसतो. घराच्या क्षेत्रफळाला सरकारी पत्रकांतल्या जमिनीच्या दरानें गुणावयाचें. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दरानें आणि घसाऱ्यानें, म्हणजे घर जितकें जुनें तितक्या सुटीनें, गुणावयाचें. दोहोंची बेरीज करून ती वापराच्या भारांकानें गुणावयाची. राहत्या घराचा भारांक 1, दुकान-कारखान्याचा अधिक. जें मूल्य येईल त्यावर दर हजारीं कांहीं पैसे, ही घरपट्टी.

आंकडे कल्पित धरूं. आपला एक सुतारबंधु. घर 50 चौरस मीटर, जुनें. पुढच्या 10 मीटरांत रंधा-करवत चालते. जमिनीचा दर 500 रुपये, बांधकामाचा 10,000, घसारा 0.70. जमिनीचे 25,000, बांधकामाचे 3,50,000, मिळून 3,75,000. हजारीं 60 पैसे दरानें 225 रुपये. पुढच्या कामट्याच्या जागेला भारांक 1.25 लावला तर 236 रुपये 25 पैसे. आतां वहींत घराचें वय लिहिलेंच नाहीं, घसारा सुटला नाहीं, आणि सबंध घर दुकान म्हणून चढविलें. मूल्य 6,56,250 आणि पट्टी 393 रुपये 75 पैसे! कोणीं लांच खाल्ली नाहीं, कोणीं दरोडा घातला नाहीं. एक रकाना कोरा राहिला, एक चुकीचा भरला, आणि सुताराच्या संसारांतून सालोसाल दीडशेंवर रुपये गेले. लोहार, कुंभार, शिंपी, चांभार, ज्यांचें घर तोच कारखाना, त्या सर्वांनीं हा रकाना आधीं पाहावा.

तो रकाना नमुना 8 मध्यें सांपडतो. आकारणीची वही ती हीच. मागणीची नोंद नमुना 9 मध्यें, आणि पैसे भरल्याची पावती नमुना 10 ची. पावतीवांचून पैसा देऊं नये, देणारा सख्खा मेहुणा असला तरी. वहींत नांव कोणाचें, लांबी-रुंदी किती, भिंती मातीच्या कीं विटांच्या, बांधल्याचें साल कोणतें, वापर कोणता, एवढें घरच्या दोरीनें मोजून ताडून पाहावें. कित्येक विधवा भगिनींचीं घरें अजून मयत धन्याच्या नांवावर आहेत. नोटीस निघते ती मेलेल्या माणसाला! नांव बदलून घ्या. मात्र नमुना 8 वर नांव चढलें म्हणजे मालकी सिद्ध झाली, असें कोणी समजूं नका.

दर चार वर्षांनीं ही आकारणी नवी होते. तिची यादी पंचायतींत लागते आणि हरकतीसाठीं मुदत मिळते. हीच वेळ. पट्टीचें बिल हातीं आल्यावर ओरडणें म्हणजे पेरणी टळल्यावर बैल शोधणें. हरकत लेखी द्या, नक्कलेवर तारखेची पोंच घ्या. पंचायतीनें ऐकलें नाहीं तर पंचायत समितीकडे अपील, तेथून जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. नक्कल देत नसतील तर 2005 च्या माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपयांचा अर्ज पुरे.

दुसरी गोष्ट दराची. हजारीं किती पैसे घ्यावयाचे याची खालची-वरची मर्यादा सरकारनें घातली आहे, तिच्या आंत आंकडा निवडते ती आपली पंचायत. म्हणून ग्रामसभेंत बसून विचारा: कुडाच्या घराला कोणता दर, माडीला कोणता? रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाची थकबाकी किती? आपल्या आळींत दिवा, गटार, नळ यांवर काय खर्चलें? रयतेच्या घामाचा पैसा आणि विद्या मात्र वरच्यांना, हें गाऱ्हाणें जोतीरावांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें होतें. आपल्या पंचायतीला तोच प्रश्न विचारावयास कोणाची भीड?

पट्टी मुळींच भरणार नाहीं, अशा शपथा आम्ही कोणाला घालीत नाहीं. थकबाकीवर जंगम मालाची जप्ती आणण्याची सत्ता पंचायतीला आहे, आणि गरिबाचें भांडें पहिल्यानें उचललें जातें. पट्टी भरा, आणि हरकत नोंदवा.

येत्या रविवारीं सकाळीं शाळेच्या ओट्यावर यावें. येतांना जुन्या पावत्या आणाव्या; शिकलेलीं चार मुलें कागद-टांक घेऊन बसतील आणि ज्याची त्याची हरकत त्याच्यासमक्ष वाचून दाखवून लिहून देतील. मोजणीची दोरी आम्ही आणूं.